महामार्ग आणि फाटा : महाराष्ट्रातील महामार्ग-जाळ्याची कोल्हापूरच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर काळाच्या पहिल्या तीन दशकांत विकासविषयक चर्चेत 'धरण' या शब्दाला जे स्थान होते, ते गेल्या पाव शतकात महाराष्ट्रात 'महामार्ग' या शब्दाला प्राप्त झाले आहे. धरणाच्या बाबतीत बुडित क्षेत्र आणि लाभक्षेत्र या दोन संज्ञा प्रारंभापासून प्रचलित होत्या. कोणाचे काय जाणार आणि कोणाला काय मिळणार, याची मांडणी अपुरी व पुष्कळदा अन्यायकारक असली तरी त्या मांडणीसाठी शब्द उपलब्ध होते. महामार्गाच्या बाबतीत तशी संज्ञा रूढ झालेली नाही. महामार्गाचे लाभक्षेत्र कोणते, असा प्रश्न विचारला असता त्याच्या दोन टोकांवरील शहरांची नावे आणि वाचणारे तास सांगितले जातात. मधला प्रदेश या उत्तरात येत नाही.

प्रस्तुत लेखात या मधल्या प्रदेशाच्या दृष्टीने महामार्ग-जाळ्याच्या कल्पनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी कोल्हापूर जिल्हा निवडण्याचे कारण असे की, महामार्गाचे लाभ, त्याची किंमत आणि त्याला होणारा विरोध या तिन्ही गोष्टी या एकाच जिल्ह्यात ठळकपणे आढळतात. पुणे-बंगळूर महामार्गाने या जिल्ह्याच्या उद्योगाला आकार दिला, टोलच्या प्रश्नावर याच शहरात मोठे जनआंदोलन झाले आणि नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला तीव्र विरोधही येथूनच झाला. या तीन घटनांचा एकत्रित विचार क्वचितच केला जातो. कोल्हापूरकरांच्या 'विरोधी स्वभावा'चे दाखले म्हणून त्या सांगितल्या जातात. परंतु त्यांच्यामागे रस्त्याविषयीचा एक सुसंगत विचार आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या विवेचनासाठी सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली माहिती व जिल्ह्याची भौगोलिक वस्तुस्थिती यांचा आधार घेतला असून विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

जाळे या कल्पनेची जडणघडण :

भारतातील रस्त्यांच्या आधुनिक नियोजनाचा प्रारंभ एका मराठी विधिज्ञाच्या नावाशी निगडित आहे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्त्यांचा विकास हा केवळ स्थानिक संस्थांच्या कुवतीवर सोडता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवरील अधिभारातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. पुढे १९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व तिच्यातून 'नागपूर योजना' आकारास आली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही आज सर्वपरिचित असलेली वर्गवारी या योजनेची देणगी होय.

नागपूर योजनेचे वैशिष्ट्य तिच्या मोजमापाच्या पद्धतीत आहे. विकसित शेती असलेल्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, हे तिचे सूत्र होते. म्हणजे मोजपट्टीचे शून्य गावात होते आणि तेथून रस्त्याकडे मोजावयाचे होते. १९६१ ते १९८१ या कालखंडासाठीच्या 'मुंबई योजने'ने रस्त्यांच्या घनतेचे लक्ष्य दर १०० चौरस किलोमीटरला ३२ किलोमीटर असे दुप्पट केले. १६०० किलोमीटर द्रुतगती मार्गांची कल्पनाही याच योजनेत प्रथम आली. १९८१ ते २००१ या काळासाठीच्या 'लखनौ योजने'ने ५०० हून अधिक लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्यांनी जोडण्याचा आग्रह धरला. या तिन्ही योजनांची उद्दिष्टे पूर्णतः साध्य झाली, असे नाही. तथापि महामार्ग हा जिल्हा मार्गाचा आणि जिल्हा मार्ग हा ग्राममार्गाचा पुढचा भाग आहे, ही जाळ्याची मूळ कल्पना त्यांनी सोडली नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कल्पनेत बदल झाला. जानेवारी १९९९ मध्ये राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पाचा प्रारंभ झाला. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणारा ५८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन हा त्याचा गाभा होता. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. एकाच शासनाच्या या दोन योजना परस्परपूरक होत्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचे निधी, यंत्रणा आणि मूल्यमापनाचे निकष वेगळे राहिले. महामार्गाचे मोजमाप महानगरापासून महानगरापर्यंत आणि ग्रामसडकेचे मोजमाप गावापासून जवळच्या रस्त्यापर्यंत, अशी विभागणी झाली. मधला सांधा कोणाच्याच हिशेबात राहिला नाही.

या सांध्याला मराठीत एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे 'फाटा'. गावाचा रस्ता जेथे मोठ्या रस्त्याला मिळतो ते ठिकाण म्हणजे फाटा. तेथे एस.टी. थांबते, चहाची टपरी उभी राहते, मग पंक्चरचे दुकान, खताचे दुकान, दूध संकलनाची जागा आणि कालांतराने एक छोटी बाजारपेठ तयार होते. सांगली फाटा, नागाव फाटा, पेठ नाका, वाठार ही पुणे-बंगळूर महामार्गावरील अशीच ठिकाणे. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहतुकीतील काही अंश मधल्या प्रदेशात झिरपण्याची जागा म्हणजे फाटा होय. द्रुतगती महामार्गावर फाटा नसतो. तेथे इंटरचेंज असतो. ही दोन नावे एकाच गोष्टीची नव्हेत. फाटा गावाच्या गरजेतून निर्माण होतो; इंटरचेंज वाहतुकीच्या वेगाच्या गणितातून ठरतो. फाट्यावर पायी जाता येते. इंटरचेंजवर केवळ वाहनाने आणि तेही ठरावीक वाहनाने जाता येते.

नावांतील स्थित्यंतर :

महामार्गांच्या नावांतही हे स्थित्यंतर उमटले आहे. 'पुणे-बंगळूर रस्ता' हे नाव रस्ता कोठून कोठे जातो एवढेच सांगते. 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार' हे नाव प्रशासकीय आहे. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो क्रमांक ४८ झाला, तरी कोल्हापुरात 'एन.एच. फोर' हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. 'सुवर्ण चतुष्कोन' या नावात प्रथमच मूल्यवाचक विशेषण आले. पुढे 'समृद्धी' या नावात रस्त्याच्या अपेक्षित परिणामालाच रस्त्याचे नाव करण्यात आले आणि 'शक्तिपीठ' या नावाने त्याला श्रद्धेचे अधिष्ठान दिले गेले.

या नामकरणावर आक्षेप घेण्याचे कारण भाषिक शुद्धतेचे नाही. नाव वर्णनाकडून आश्वासनाकडे सरकले की चिकित्सेची जागा आक्रसते. रस्त्याला विरोध म्हणजे समृद्धीला विरोध किंवा देवीला विरोध, असे समीकरण मांडणे सोपे होते. कोल्हापूरच्या अंबाबाईचे नाव ज्या मार्गाशी जोडले गेले, त्यास अंबाबाईचे भक्त असलेल्या शेतकऱ्यांनीच विरोध केला. या घटनेने ते समीकरण खोटे ठरविले. 'देवीने रस्ता मागितलेला नाही' हा युक्तिवाद त्या शेतकऱ्यांना करावा लागला, ही बाब नावाच्या राजकारणाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

पुणे-बंगळूर महामार्ग आणि कोल्हापूरचा उद्योग :

महामार्गविरोधाची एकांगी मांडणी टाळावयाची असेल, तर कोल्हापूरला महामार्गाने काय दिले हे प्रथम नोंदविले पाहिजे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती एका रेषेत का आहेत, याचे उत्तर पुणे-बंगळूर महामार्गात आहे. येथील फौंड्री उद्योगाचे सुटे भाग पुण्याच्या वाहन उद्योगाकडे याच मार्गाने जातात. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध संघाचे दूध मुंबईच्या बाजारात पोहोचते तेही याच मार्गाने. शाहू महाराजांच्या काळात, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला व १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसली. गुळाच्या व्यापाराला त्या लोहमार्गाने जे दिले, ते पुढील शतकात यंत्रोद्योगाला आणि दुधाला महामार्गाने दिले, असे म्हणता येईल.

परंतु या लाभाची कारणे तपासली असता असे दिसते की, हा महामार्ग सर्वांना खुला होता. त्यावर चढण्यासाठी ठरावीक प्रवेशद्वार नव्हते. कारखान्याचा ट्रक, दुधाचा टेम्पो, एस.टी., ऊस वाहणारा ट्रॅक्टर आणि दुचाकी हे सर्व त्याचे वापरकर्ते होते. आखणीही नवी नव्हती. जुन्या रस्त्याचेच रुंदीकरण होत गेले. त्यामुळे जुने फाटे, जुन्या पेठा आणि जुने संबंध पूर्णतः तुटले नाहीत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातारा-कागल हा सुमारे १३३ किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला, तेव्हा प्रवासाचा वेळ कमी झाला. त्याबरोबर तासवडे व किणी येथे पथकर नाके आले, मधल्या गावांना रस्ता ओलांडणे अवघड झाले आणि अनेक फाट्यांवरची वाहतूक पुलावरून निघून जाऊ लागली. म्हणजेच लाभाचे कारण असलेला खुलेपणा वेगाच्या प्रत्येक वाढीबरोबर काही अंशी कमी होत गेला.

येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाशी तुलना उपयुक्त ठरते. २००२ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ९४ किलोमीटरचा हा मार्ग अभियांत्रिकीच्या दृष्टीने मैलाचा दगड होता, यात शंका नाही. त्यावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. तेथे ते योग्यही होते, कारण त्याला समांतर जुना मुंबई-पुणे रस्ता अस्तित्वात होता आणि दोन महानगरांतील वाहतूक प्रत्यक्षात प्रचंड होती. द्रुतगती मार्गाची ही दोन्ही समर्थने प्रत्येक नव्या मार्गाला आपोआप लागू होत नाहीत. ती प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावी लागतात.

पाणी आणि भराव :

कोल्हापूरच्या संदर्भात महामार्गाचा विचार पाण्याशिवाय करता येत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीजवळ कृष्णेला मिळते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस काही तासांत सखल पूरमैदानात उतरतो. पुढे कृष्णेलाही पूर असेल तर पंचगंगेचे पाणी तुंबते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची पातळी इशाऱ्याची आणि ४३ फुटांची धोक्याची मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळी शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि मुंबई-चेन्नई हा देशाचा प्रमुख मार्ग काही दिवस बंद राहिला.

देशाच्या चार महानगरांना जोडणाऱ्या चतुष्कोनाची एक बाजू पंचगंगेच्या पुराने तुटते, ही घटना जाळ्याच्या कल्पनेला आव्हान देणारी आहे. तिची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पूरमैदानातून जाणारा महामार्ग मातीच्या भरावावर उभा असतो. भरावात ठेवलेल्या मोऱ्या नेहमीच्या पावसाचे पाणी वाहून नेऊ शकतात. परंतु संपूर्ण मैदानभर पसरून वाहणाऱ्या महापुराला त्या अपुऱ्या पडतात. अशा वेळी भराव हा एका ठेंगण्या बांधासारखा काम करतो आणि त्याच्या वरच्या अंगाची पाण्याची पातळी वाढते. शिरोलीजवळचा भराव काढून तेथे खांबांवरील कमानींचा पूल बांधावा, ही कोल्हापूरकरांची मागणी याच अनुभवातून आली आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांची कारणे अनेक आहेत. अतिवृष्टी, धरणांतील विसर्ग, पूररेषेतील बांधकामे या सर्वांचा त्यात वाटा आहे. महामार्गाचा भराव हे एकमेव कारण नव्हे. मात्र ते असे कारण आहे की जे आरेखनाच्या टप्प्यावर टाळता येते, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी निसर्गावर टाकता येत नाही.

टोलचा प्रश्न : रस्ता कोणाचा?

कोल्हापूर शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा एकात्मिक विकास खाजगी कंपनीमार्फत 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर करण्याचा करार २००८ च्या सुमारास झाला. त्या बदल्यात शहराच्या प्रवेशमार्गांवर ३० वर्षे टोल आकारला जाणार होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये संतप्त जमावाने टोलनाके पेटविले. जाळपोळीचे समर्थन करता येणार नाही. परंतु त्याआधी व नंतर दीर्घकाळ चाललेले आंदोलन शिस्तबद्ध होते. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांनी त्याला वैचारिक दिशा दिली. २०१५ मध्ये वसुली थांबली व पुढे टोल रद्द झाला.

या आंदोलनाचा अर्थ 'फुकट रस्ता हवा' असा लावणे अन्यायाचे होईल. महामार्गावरील टोल कोल्हापूरकर भरत होते व आजही भरतात. आक्षेप होता तो शहराच्या अंतर्गत रस्त्यांवरील टोलला. शेजारच्या गावातून शहरात दूध, भाजी घेऊन येणारा, दवाखान्यात येणारा, महाविद्यालयात येणारा विद्यार्थी हा प्रवासी नसून त्या शहराच्या दैनंदिन जीवनाचा घटक आहे; त्याच्याकडून प्रवेशशुल्क घेणे म्हणजे गाव आणि शहर यांच्यातील संबंधावर कर बसविणे होय, असा त्या आक्षेपाचा गाभा होता. जयकर समितीने रस्त्याचा खर्च इंधनावरील अधिभारातून, म्हणजे वापराच्या प्रमाणात सर्वांकडून, घेण्याचे तत्त्व मांडले होते. टोलचे तत्त्व त्याहून वेगळे आहे. त्यात रस्ता ही एक वस्तू ठरते आणि तिची किंमत दारावर वसूल होते. ज्यांना पर्यायी रस्ता आहे त्यांच्यासाठी ती वस्तू विकत घेण्याचा प्रश्न असतो. ज्यांना नाही त्यांच्यासाठी तो सक्तीचा कर होतो. हा भेद महामार्ग धोरणात स्पष्टपणे मान्य झालेला नाही.

शक्तिपीठ महामार्ग : गरज आणि आखणी :

महाराष्ट्राचे विभाग जोडणाऱ्या नव्या महामार्गांपैकी पहिला म्हणजे नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला. विदर्भ आणि मुंबई यांच्यातील प्रवासाचा वेळ त्यामुळे निश्चितच मोठ्या प्रमाणात कमी झाला. त्याच धर्तीवर पवनार ते पत्रादेवी असा सुमारे ८०२ किलोमीटरचा, १२ जिल्ह्यांतून जाणारा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित झाला. त्याचा अपेक्षित खर्च सुमारे ८६ हजार कोटी रुपये असून त्यासाठी सुमारे २७ हजार एकर जमीन लागेल, असे सांगण्यात आले. नागपूर-गोवा प्रवास १८ तासांवरून ८ तासांवर येईल, हे त्याचे प्रमुख समर्थन आहे. २०२४ च्या प्रारंभी भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड व आजरा या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या विरोधानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द करण्यात आली. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मान्यता देऊन भूसंपादनासाठी निधीची तरतूद केली. तेव्हापासून कोल्हापूरमधील आखणी हा वादाचा व पुनर्विचाराचा विषय राहिला.

या प्रस्तावाच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत सबळ मुद्दा मराठवाड्याचा आहे. हिंगोली, परभणी, बीड, लातूर, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांना पश्चिम किनाऱ्याशी जोडणारा वेगवान मार्ग मिळणे ही रास्त अपेक्षा आहे आणि कोल्हापूरच्या सुपीक जमिनीच्या नावाने ती झिडकारणे योग्य ठरणार नाही. १९८४ च्या दांडेकर समितीने विभागीय अनुशेष मोजताना रस्त्यांचा स्वतंत्र विचार केला होता, याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे. प्रश्न असा की, ही अपेक्षा पूर्ण करण्याचा मार्ग हाच आहे काय? रत्नागिरी-कोल्हापूर-सांगली-सोलापूर-तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग अस्तित्वात आहे आणि त्याच्या चौपदरीकरणावर मोठा सार्वजनिक खर्च झाला आहे. तो मार्ग विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण या चारही विभागांना जोडतो. त्यावर फाटे आहेत आणि तो एका बंदरापर्यंत जातो. त्याच दिशेने दुसरा मार्ग उभारण्यापूर्वी पहिल्याची क्षमता कोठे व किती अपुरी पडते, हे आकड्यांनिशी जनतेसमोर मांडणे आवश्यक होते. वाचणाऱ्या तासांची तुलना आजच्या अपूर्ण रस्त्याशी केली जाते. पूर्ण झालेल्या चौपदरी रस्त्याशी केली जात नाही.

दुसरा मुद्दा जमिनीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील बागायत जमीन अनेक कुटुंबांच्या बाबतीत गुंठ्यांत मोजली जाते. तिचे मूल्य केवळ क्षेत्रात नसते. सहकारी उपसा जलसिंचन संस्थांच्या भूमिगत वाहिन्या नदीपासून कित्येक शेतांखालून जातात. प्रवेशनियंत्रित महामार्ग त्यांना छेदून गेला की, ज्याची एक गुंठाही जमीन संपादित झालेली नाही अशा शेतकऱ्याचेही पाणी तुटू शकते. वाहिनी वळविण्याचा खर्च आणि त्यात जाणारा हंगाम हा मोबदल्याच्या हिशेबात सहसा येत नाही. शेत एका बाजूला व विहीर दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती अनेकांच्या वाट्याला येते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या या मार्गावर चढू शकणार नाहीत. त्यांना तो केवळ ओलांडावा लागेल, आणि तोही जेथे अंडरपास असेल तेथेच. म्हणजे ज्याची जमीन रस्त्यात गेली, त्याच्या शेतमालाच्या वाहतुकीला तो रस्ता बंद, असा हा व्यवहार आहे.

मोबदल्याचा प्रश्नही येथे संबद्ध आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण जमिनीस बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची शक्यता निर्माण केली. तथापि गुणांक ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला आणि प्रकल्पागणिक दर बदलू लागले. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चोकाक ते अंकली या टप्प्यात शेतकऱ्यांना चौपट मोबदल्यासाठी झगडावे लागले. एका महामार्गाच्या मोबदल्याचा वाद डोळ्यांसमोर असताना दुसऱ्या महामार्गाच्या आश्वासनावर शेतकऱ्याने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अवास्तव होती. शिवाय कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांची खोरी ओलांडणाऱ्या नव्या मार्गाचा भराव महापुरात काय करील, हा प्रश्न शिरोलीच्या अनुभवानंतर काल्पनिक राहिलेला नाही.

विभाग जोडणे म्हणजे काय?

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये विकसित केंद्र आणि मागास परिसर यांच्यातील दुहेरी प्रक्रिया मांडली. केंद्राच्या वाढीचा लाभ परिसरात पसरतो, तसेच परिसरातील भांडवल, श्रम आणि कौशल्य केंद्राकडे ओढलेही जाते. रस्ता या दोन्ही प्रक्रियांचे वाहन असतो. यांपैकी कोणती प्रक्रिया प्रबळ ठरेल हे रस्त्याच्या वेगावर अवलंबून नसून मधल्या प्रदेशाला त्यावर चढण्याची किती ठिकाणे आहेत आणि तेथे रोखून धरण्यासारखा स्थानिक उद्योग, बाजार, शिक्षण आहे किंवा नाही, यावर अवलंबून असते. कोल्हापूरमध्ये महामार्गापूर्वी सहकार, फौंड्री आणि पेठा होत्या. म्हणून महामार्ग लाभदायक ठरला. जेथे असे काहीही नाही तेथे महामार्ग आला की तरुण वर्ग अधिक वेगाने पुण्या-मुंबईला पोहोचतो, एवढेच घडण्याची शक्यता असते.

याच कसोटीवर कोल्हापूरची खरी उणीव दक्षिणोत्तर नव्हे, तर पूर्व-पश्चिम दिशेला आहे. आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली या घाटांतून देश आणि कोकण यांचा शतकानुशतके व्यवहार चालत आला आहे. पावसाळ्यात दरड कोसळली की हा व्यवहार थांबतो. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणाच्या कामासाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा गगनबावडा परिसरातील छोट्या व्यावसायिकांना त्याची झळ पोहोचली. कोल्हापूर-वैभववाडी लोहमार्गाची घोषणा होऊन वर्षे लोटली, तरी तो रुळांवर आलेला नाही. घाटरस्त्यांच्या संरक्षक भिंती, दरडप्रवण कड्यांचे मजबुतीकरण, पूरमैदानातील भरावाऐवजी पूल, तालुक्यांना महामार्गाशी जोडणारे जिल्हा मार्ग ही कामे नावाने भव्य नाहीत. मात्र विभाग जोडण्याचे काम प्रत्यक्षात त्यांच्याकडूनच होते.

निष्कर्ष :

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भारतीय रस्तेनियोजनाच्या परंपरेत मोजमापाचा आरंभबिंदू गाव होता. द्रुतगती महामार्गांच्या पर्वात तो महानगर झाला. हा बदल सार्वजनिक चर्चेशिवाय घडून आला.

२. पुणे-बंगळूर महामार्गाचा कोल्हापूरला झालेला लाभ त्याच्या खुलेपणातून व आधीच अस्तित्वात असलेल्या स्थानिक आर्थिक पायामधून निर्माण झाला. प्रवेशनियंत्रित मार्गांच्या समर्थनार्थ त्याचा दाखला जसाच्या तसा देता येणार नाही.

३. टोलविरोधी आणि शक्तिपीठविरोधी आंदोलने विकासविरोधी नव्हती. रस्त्याचा खर्च कोण करतो, जमीन कोण देतो आणि त्यावर कोण चढू शकतो, हा एकच प्रश्न त्यांनी दोन वेगळ्या प्रसंगी विचारला.

४. समांतर महामार्ग उपलब्ध असताना नव्या मार्गाची गरज सिद्ध करण्याची जबाबदारी प्रस्ताव मांडणाऱ्यावर असली पाहिजे. त्यासाठी विद्यमान मार्गाची पूर्ण क्षमता गृहीत धरून तुलना व्हावी.

५. पूरप्रवण खोऱ्यांतून जाणाऱ्या प्रत्येक महामार्गाचा जलशास्त्रीय अभ्यास आखणीपूर्वी करून तो बाधित गावांना मराठीत उपलब्ध करून द्यावा. तुटणाऱ्या जलवाहिन्या व वाटा यांचा समावेश मोबदल्यात करावा.

महामार्गाचे मूल्यमापन वाचलेल्या तासांनी करणे सोपे आहे, कारण तास मोजता येतात. तुटलेली पाण्याची वाहिनी, बंद पडलेला फाटा, वळसा घालून शाळेत जाणारी मुले यांची मोजदाद करणे तुलनेने अवघड असले तरी अशक्य नाही. धरणांच्या बाबतीत लाभक्षेत्र व बुडित क्षेत्र यांचे नकाशे काढण्यास समाजाला बराच काळ लागला आणि त्या विलंबाची किंमत विस्थापितांनी मोजली. महामार्गांच्या बाबतीत असे नकाशे भूसंपादनाच्या अधिसूचनेआधी तयार होणे शक्य आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व अभियांत्रिकी या विद्याशाखांच्या अभ्यासकांनी आपापल्या तालुक्यापुरते जरी हे काम हाती घेतले, तरी पुढील आखणीच्या वेळी मधल्या प्रदेशाजवळ स्वतःची आकडेवारी असेल.